अलीकडचा चिमटा

बाई गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. खाली घरमालकिणीच्या घरी फोन आला आणि तिनं जिन्यातून हाक मारली. पलीकडे बाईंचा भाचा होता. खोली रिकामी करत होता. म्हणाला, खिडकीला एक सुतळी बांधलेली आहे आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचा एकच लाकडी चिमटा आहे, त्यावर 'बाई' असं लिहिलंय, तुमच्या अक्षरात वाटतं, ठेवायचं की टाकायचं? मी म्हटलं, टाकू नका. मी येऊन सोडवते. आणि चिमटा सुतळीवर जिथं आहे तिथंच राहू दे, सरकवू नका. तो कानडीत, सरी, म्हणजे बरं, म्हणाला.

त्याला ते वेडेपणाचं वाटलं असणार. बाईंच्या ओळखीतल्या माणसांकडून अशा गोष्टी ऐकायची त्याला सवय असावी.

बाईंना शाळेत सगळे 'बाई मिस' म्हणत. इंग्रजी शाळेत प्रत्येक शिक्षिका मिस असते, पण त्यांनी पहिल्याच वर्षी मुलांना सांगितलं होतं की मला बाई म्हणायचं, आमच्या गावाकडं मास्तरणीला तेच म्हणतात. मुलांना वाटलं ते त्यांचं नावच आहे. कन्नडमध्ये बायी म्हणजे तोंड, त्यामुळे मुलांना त्यात काही चूकही वाटली नाही. कारण बाई समोरच्याच्या डोळ्यांकडे कधी पाहत नसत, तोंडाकडे पाहत. कोणीही बोलायला लागलं की त्यांची नजर त्याच्या ओठांवर जाई आणि तिथंच राही. नवा माणूस बोलता बोलता ओठ पुसायला लागे, काही लागलंय की काय म्हणून. आमच्या मोठ्या मिस, म्हणजे मुख्याध्यापिका, बाई ऑफिसात शिरल्या की आधी रुमाल काढत.

पंचविसांहून जास्त वर्षं पहिलीला वाचायला शिकवून त्यांना ही सवय लागली होती. माणसांविषयीची त्यांची मतंही तिथूनच येत. माझ्या पहिल्या घरमालकाला त्यांनी एकदाच पाहिलं आणि मला म्हणाल्या, "हे घर सोड. बोलणं संपायच्या आधी त्याचं तोंड मिटतंय." चार महिन्यांनी आम्ही ते घर सोडलं. कारण वेगळं होतं, पण बाईंनी श्रेय घेतलं.

आमची ओळख यशवंतपूरच्या एका किराणा दुकानात झाली. मी लग्न होऊन नागपूरहून या कानडी मुलखात नुकतीच आले होते. नवरा सकाळी आठला कॉम्प्युटरच्या कंपनीत जाई तो रात्री येई. मी मराठी घेऊन एम. ए. केलेलं, येताना दोन ट्रंका पुस्तकं आणलेली. दिवसभर वाचायला मिळेल याचा आधी आनंद झाला. चार महिन्यांनी लक्षात आलं की दिवसेंदिवस माझ्या तोंडून शब्दच निघत नाही. बोलायला कोणी नव्हतं, आणि पुस्तकं काही विचारत नाहीत. त्या दिवशी दुकानात मी शेंगदाणे मागत होते. हिंदीत मागून झालं, खुणा करून झाल्या. मागून एक उंच, वाळक्या, इरकली नेसलेल्या बाई पुढे झाल्या. पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही आतल्या बाजूला. त्यांनी दुकानदाराला एका शब्दात काम सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "कुठली तू?"

मी सांगितलं. इथे काय करतेस, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सध्या घरीच बसून राहिली.

"बसून राहिली," त्या म्हणाल्या. "तुमचं राहिली राहिली संपेपर्यंत आमच्याकडं दोन कामं उरकत्यात. उद्या माझ्यासंगं शाळेला ये. एक मदतनीस हुडकायलेत."

शाळा शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत होती. खाली भांड्यांची आणि शिलाई मशीन दुरुस्तीची दुकानं. आत कँटोन्मेंटच्या जमान्यातली दुमजली इमारत, वरच्या मजल्याला लाकडी जमीन. बाईंची पहिली वरच्या मजल्यावर, आणि तिच्या बरोबर खाली ऑफिस. हे सांगायला हवं, कारण बाई इंग्रजीतले ऱ्हस्व स्वर उडी मारून शिकवत.

वर्गाच्या मध्ये जमिनीवर खडूच्या दोन पांढऱ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये निळ्या खडूच्या लाटा. तो ओढा. मुलानं अलीकडच्या काठावर उभं राहायचं, उडी घ्यायची, आणि हवेत असताना स्वर म्हणायचा. पाय टेकायच्या आत आवाज संपला तर स्वर ऱ्हस्व झाला, मूल पार झालं. पाय टेकल्यावरही आवाज चालूच असेल तर मूल भिजलं. भिजलेल्यांना शिक्षा नसे. त्यांनी खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात उभं राहून वाळायचं आणि मग पुन्हा रांगेत यायचं. डिसेंबरच्या गार सकाळी काही मुलं मुद्दाम भिजत.

भिंतीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी होती. तिच्यावर प्रत्येक मुलाच्या नावाचा चिमटा. नवा स्वर सुरू झाला की सगळे चिमटे डावीकडे, अलीकडे. जो पार होईल त्याचा चिमटा उजवीकडे, पलीकडे. सगळे पलीकडे जाईपर्यंत त्या स्वराचं अक्षर फळ्यावर लिहायचं नाही, आणि पुढचा स्वर घ्यायचा नाही. तोवर पेन्सिलीही नाहीत. पेन्सिलींचा डबा कपाटात आणि कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला. "पोर आधी रडतंय, नाव मागनं ठेवत्यात," त्या म्हणत. "आवाज आला की अक्षर येतंय. गडबड कशाला?"

खाली ऑफिसात मात्र एकतिसावा मुलगा पार होईपर्यंत छतातून बारीक भुसा गळत असे. मोठ्या मिसनी हजेरीपटावर कायमचं मेणकापड घातलं होतं.

पहिला स्वर जूनमध्ये झाला. मी बाकाशी उभी राहून मुलांच्या नाकांची आणि नाड्यांची व्यवस्था पाहत होते. जुलैत दुसरा आला, पेन आणि टेनमधला. बाईंनी सहज मला म्हटलं, तू म्हणून दाखव. मी म्हटलं. एकतीस मुलं माझ्याकडे बघायला लागली.

आपल्या मराठीत ए एकच, देवातला आणि केळ्यातला. तो तोकडा करता येतो हे मला ठाऊकच नव्हतं. कन्नडमध्ये दोन आहेत, एक आखूड, एक लांब, आणि दोघांना वेगळी अक्षरं. तमिळमध्येही तसंच. तिथल्या मुलांना तो आखूड ए आईच्या दुधातून मिळालेला असतो. बाईंचं गाव निपाणीकडचं, घरात मराठी आणि दारात कन्नड, त्यामुळे त्यांनाही. वर्गात तो नसलेली मी एकटीच निघाले. पहिल्या बाकावर भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी होती, सेल्वी नावाची. ती उभी राहिली आणि तिनं अतिशय गंभीरपणे सांगितलं की ही मिस पहिल्या दिवसापासून माझं नाव ओढून लांब करते, मला वाटलं होतं ती दुसऱ्या कोणाला बोलावते.

बाईंनी पिशवीतून एक कोरा चिमटा काढला, त्याच्यावर माझं नाव लिहिलं आणि डाव्या टोकाला लावला. मला वाटलं गंमत आहे. म्हणून मी पदर खोचून उडी मारली. भिजले. मुलांनी मला हाताला धरून उन्हात नेऊन उभं केलं.

ती गंमत नव्हती हे ऑगस्टमध्ये कळलं. तोवर मुलांचे एकतीसही चिमटे पलीकडे गेले होते आणि अलीकडे माझा एकटीचा उरला होता. फळा कोरा होता. शेजारच्या वर्गात पाचही स्वर संपून मुलं तीन अक्षरी शब्द लिहायला लागली होती, आणि आमच्या वर्गात सकाळी प्रार्थनेनंतर रोज एक चोवीस वर्षांची बाई साडी सावरत ओढ्यावरून उडत होती आणि भिजत होती. मुलांना याचा कंटाळा येत नसे. मधल्या सुट्टीत ती माझा अभ्यास घेत. सेल्वी माझी हनुवटी धरून बसे. तिचं निदान असं होतं की मिस आधी विचार करते, मग उडते, आणि विचार ओला असतो.

मी बाईंना विनवलं की माझा चिमटा काढून टाका, मी काही विद्यार्थिनी नाही. त्या म्हणाल्या, वर्गात बसतीस न्हवं? मग वर्गातलीच.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मोठ्या मिसनी आम्हां दोघींना खाली बोलावलं. त्या वाईट नव्हत्या. पालक विचारत होते, सहामाही दसऱ्याच्या आधी होती आणि आमच्या वर्गानं एक स्वर लिहिला होता. त्यांनी रुमाल ओठांशी धरूनच स्पष्ट सांगितलं. महिना संपायच्या आत दुसरा स्वर संपला नाही तर पहिली दुसऱ्या शिक्षिकेकडे जाईल, आणि बाई मिसनी निवृत्तीपर्यंतची चार वर्षं शिवणकामाची खोली सांभाळावी. मग त्यांनी विचारलं की मुलं पार झाली आहेत, तर अडलंय कुठं?

"एक अलीकडं हाय," बाई मराठीतच म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. मोठ्या मिसना मी भाषांतर करून सांगितलं. कोण अलीकडे आहे ते मात्र सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी बसमध्ये बाई नेहमीसारख्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होत्या, कंडक्टरही नेहमीसारखा त्यांच्यामागून वाचत होता, आणि मला खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं. शिवणाच्या खोलीत बसलेल्या बाई मला डोळ्यांसमोर आणता येईनात. त्यांना सुईत दोरा ओवता येत नसे. तिथं कोणाच्या तोंडाकडे बघणार होत्या? आणि हे सगळं माझ्या एका स्वरापायी. घरी मी आरशासमोर उड्या मारल्या. खालून घरमालकाची काठी छताला लागली, तेव्हा थांबले.

शनिवारी अर्धी शाळा. मुलं गेली, बाई पेन्सिली मोजून घरी गेल्या. मी खिडक्या लावायला मागे थांबले होते. जाता जाता मी माझा चिमटा काढला आणि पलीकडे लावला, मुद्दाम मधोमध, गर्दीत.

सोमवारी प्रार्थनेच्या आधीच सेल्वीनं तो पाहिला. ती नुसती सुतळीखाली जाऊन उभी राहिली. मग दुसरी मुलं जाऊन उभी राहिली. बाई आत आल्या आणि त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"कवा उडालीस?"

"शनिवारी," मी म्हटलं.

"कोण ऐकलं?"

बाईंनी चिमटा काढला, डावीकडे नेऊन लावला आणि मुलांना गाणं म्हणायला सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दुपारी डबा खाताना, म्हणजे मी बसून आणि त्या नेहमीसारख्या उभ्यानं, त्यांनी आपल्या गावचा ओढा सांगितला. शाळा ओढ्यापलीकडे होती. अकरा मुलं जात, आणि पोरांचा नियम असा की सगळी पार होईपर्यंत कोणी पुढे चालायचं नाही. बाई सगळ्यांत लहान. रोज सगळी त्यांच्यासाठी काठावर थांबत, कंटाळत, शिव्या देत, पण थांबत. एक दिवस उशीर झाला म्हणून एका मोठ्या मुलीनं त्यांना उचलून पलीकडे ठेवलं आणि घरी सांगितलं, ही उडाली. घरच्यांनी कौतुक केलं. गूळ दिला.

"सगळी म्हणायलीत तर मलाबी वाटलं, मी उडालेच," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी पळत गेले आणि उडाले. धुणं धुणारीनं वेणीला धरून वर काढली. पाटी गेली ती गेलीच."

मी विचारलं, मग शिवणाच्या खोलीचं काय? त्या म्हणाल्या की शिवण शिकीन. मग डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या पोळीवर वाढून म्हणाल्या, "तू माझी काळजी करत उडतीस. जड होतीस."

महिन्याचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. मोठ्या मिस स्वतः वर आल्या, सोबत शेजारच्या वर्गाच्या मिसना घेऊन. वर्ग सोपवायचाच होता. बाईंनी शांतपणे खुर्ची दिली आणि मला रांगेत उभं केलं. रांगेत मी एकटीच. अलीकडे कोण राहिलं होतं ते मोठ्या मिसना तेव्हा कळलं. त्यांनी रुमाल खाली घेतला.

मी उडाले, भिजले. वाळले. पुन्हा उडाले, पुन्हा भिजले. शेजारच्या मिस खिडकीबाहेर बघू लागल्या. मुलांनी नीट दिसावं म्हणून बाकांवर उभं राहायला सुरुवात केली होती. सेल्वी पलीकडच्या काठाला, सगळ्यांत पुढच्या बाकाच्या अगदी टोकाला. मी तिसऱ्यांदा काठावर आले तेव्हा तिनं पुढे वाकून पाहिलं आणि बाक दुसऱ्या टोकाकडून उचललं गेलं.

मला एवढंच आठवतं की मी तिला हाक मारली आणि ती माझ्या हातात होती. बाक खाली आपटलं. ऑफिसात नक्कीच भुसा पडला असेल. सगळी मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं मुलं घाबरली. मग सेल्वी माझ्या खांद्यावरून म्हणाली की मिसनी माझं नाव बरोबर म्हटलं. मी खाली पाहिलं, तर लाटा माझ्या मागे होत्या.

बाईंनी चिमट्याला हात लावला नाही. त्या मोठ्या मिसकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं, तुम्ही ऐकलंत? मोठ्या मिस कोईमतूरच्या, घरी तमिळ बोलणाऱ्या. सेल्वीचं नाव कसं म्हणायचं हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्या म्हणाल्या, पुन्हा म्हणा. मी जमिनीवर उभी राहूनच पुन्हा म्हटलं. तेही आखूड आलं. मोठ्या मिस उठल्या, भिंतीशी गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माझा चिमटा पलीकडे नेला. एकतीस मुलांनी एकदम उड्या मारल्या. खाली काय झालं असेल ते असो.

बाईंनी कमरेची किल्ली काढली आणि पेन्सिलींचा डबा उघडला.

राहिलेले स्वर त्यानंतर भराभर झाले. सहामाहीपर्यंत शेवटचा एक मात्र राहिलाच. पेपरात त्याचा प्रश्न होता. एकतीस मुलांनी बाकीचं लिहून ती जागा सोडून दिली, आणि काहींनी तिथं निळ्या पेन्सिलीनं लाटा काढल्या. मोठ्या मिस पेपरांचा गठ्ठा समोर घेऊन बराच वेळ बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या की सध्यापुरती पहिली बाई मिसकडेच राहू दे. ते सध्यापुरतं बाई निवृत्त होईपर्यंत चाललं. मीही तिथंच राहिले. आता पहिली माझ्याकडे आहे. खाली मेणकापड अजून आहे.

निवृत्तीनंतर सातआठ महिन्यांत बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. मी दर गुरुवारी शाळेतून परस्पर जाई. त्या पलंगावर बसलेल्या असत, माझ्या तोंडाकडे बघत, आणि शब्द त्यांच्या तोंडून लांबत लांबत येत. शेकडो मुलांचे उच्चार तासून दिलेल्या बाईंच्या तोंडी आता एकही आखूड स्वर राहिला नव्हता. पहिल्या दिवशी मी घरी येऊन रडले. दुसऱ्या गुरुवारी जाताना सुतळी आणि एक चिमटा नेला. खिडकीच्या एका गजापासून दुसऱ्या गजापर्यंत सुतळी बांधली, चिमट्यावर 'बाई' लिहिलं आणि डावीकडे लावला.

बाई इतक्या हसल्या की शेजारीण बघायला आली.

मग दर गुरुवारी आमचा तास होई. त्यांना उडता येत नव्हतं. त्या डाव्या हाताची दोन बोटं चादरीवर उभी करत, बोटांना चादरीच्या घडीवरून उडी मारायला लावत आणि म्हणत, पेन. बोटं टेकत, आवाज चालूच असे. भिजल्या की स्वतःच हात उचलून उन्हात धरत. एका गुरुवारी तो आखूड स्वर खूपच जवळ आला. इतका जवळ, की मी उठले आणि चिमट्याकडे हात नेला. पार झालात, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मान हलवली, नाही म्हणून. मी हात मागे घेतला.

त्यानंतर दोन गुरुवार मिळाले.

काल जाऊन सुतळी सोडवून आणली. मी सांगितल्याप्रमाणे भाच्यानं काही हलवलं नव्हतं. शाळेत मुलांच्या सुतळीच्या वर ती बांधली आहे. आज सकाळी एका मुलीनं विचारलं की वरच्या सुतळीवर हे कोण एकटं अलीकडे राहिलंय? मी म्हटलं, आहे एक, सावकाश येणार आहे. तिला ते पटलं. तिनं विचारलं, मग तोवर आपण काय करायचं?

"थांबायचं," मी म्हटलं, आणि निळा खडू घेतला.